गोधडीखालची रायफल

सिग्रिड ट्वेटचं बोट गेलं ऑगस्टच्या सुरुवातीला, आणि ती दवाखान्यातून घरी पोचायच्या आत तिच्या पायरीवर भांडी येऊन बसली होती.

हॉर्न क्रीकमध्ये कुणाचं काही बरंवाईट झालं की लोक फारसं बोलत नाहीत, शिजवतात. काचेच्या चौकोनी भांड्यात खाली खिमा, मध्ये चीज, वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्या, असं ओव्हनमधून काढून आणलेलं ते सांत्वन. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी आणि तिच्यावर मालकिणीचं नाव. दुःख ओसरलं की भांडं धुऊन ज्याचं त्याच्या घरी पोचवायचं, एवढीच परतफेड. ही रीत अख्ख्या मोंटानात असेल, पण आमच्या खोऱ्यात ती जरा जास्तच कडक आहे, कारण हिवाळा लांब आणि बोलायची सवय कमी.

बोट उजव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं. थंडीसाठी लाकडं फोडताना यंत्राने घेतलं. मधल्या सांध्यापर्यंतचा खुंट तेवढा मागे ठेवला. दुसऱ्या कुणाचं गेलं असतं तर चार दिवस हळहळून लोक विसरले असते. आमच्याकडे लाकडाच्या गिरणीने आणि गवताच्या यंत्रांनी घरटी आपापला वाटा घेतलेलाच आहे. पण सिग्रिड रायफलींना चाप बसवायची, आणि चाप बसवणाऱ्याचं सगळं कसब त्या एका बोटात, असं खोऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

वेंडेल प्रूइट आणि ती, असं दोघांचं भागीतलं दुकान होतं. वेंडेल नळ्या कातायचा, दस्ते घडवायचा. चापाचं सगळं सिग्रिडकडे. कारखान्यातून तयार आलेली रायफल त्यांच्याकडे कुणी आणत नसे. इथे प्रत्येक रायफल अंगावर माप घेऊन शिवलेल्या कोटासारखी, ज्याची त्याची वेगळी.

पहिलं भांडं दुकानात आणलं एमेट हॅस्केटने. एमेट म्हणजे आमच्या नेमबाजांच्या क्लबचा अध्यक्ष. पंचाहत्तरी ओलांडली तरी त्याचा नेम आणि त्याचा शब्द, दोन्ही अजून खाली पडत नाहीत. बायकोने, मार्लिसने, करून दिलेलं निळं भांडं त्याने गल्ल्यावर ठेवलं, टोपी काढली, आणि मग सिग्रिडच्या बाकामागे जाऊन भिंतीवरची स्वतःची रायफल उतरवली. नवीकोरी रायफल, नळी चढलेली, फक्त चाप बसायचा राहिलेला.

"आयडाहोत एक माणूस आहे," तो म्हणाला. "हात चांगला आहे म्हणतात. तू आता आराम कर, पोरी. तुझ्यासारखा चाप बसवणारं या खोऱ्यात कुणी नव्हतं."

"नव्हतं?" सिग्रिड म्हणाली. "एमेट, बोट गेलंय माझं. मी इथंच उभी आहे."

एमेटने तिच्या हातावरच्या पट्टीकडे पाहिलं, मायेने मान हलवली आणि रायफल काखोटीला मारून निघून गेला. ती माया तिला जखमेपेक्षा जास्त झोंबली.

मग रीघच लागली. एका हातात भांडं, दुसऱ्या हाताने रायफल परत. कुणी वाकडं बोललं नाही, कुणी तक्रार केली नाही. वाकडं बोलले असते तर सिग्रिडने एकेकाला उभा आडवा घेतला असता, तोंडाची ती काही कच्ची नव्हे. पण भांडायला कुणी तोंडच देईना. ऑगस्ट संपता संपता तिच्या बाकामागची भिंत रिकामी झाली आणि घरचा फ्रीज गच्च भरला. बटाट्याच्या गोळ्या खाऊन खाऊन तिची अन्नावरची वासना उडाली.

त्यात वेंडेल. तिशी-पस्तिशीपासूनचा भागीदार, माणूस लोण्याचा. एके सकाळी ती दुकानात आली तर गल्ल्यामागे नवी खुर्ची, खुर्चीवर उशी, उशीशेजारी टेलिफोन. तो म्हणाला की गिऱ्हाइकांशी बोलायला कुणीतरी अनुभवी माणूस पाहिजेच होतं, आणि पाठीलाही बरं. सिग्रिडने उशी उचलली, मागचं दार उघडलं आणि कुत्र्याला दिली. कुत्र्याला ती आवडली. सिग्रिड आपल्या बाकाशी जाऊन उभी राहिली, रिकाम्या.

आता ती काय काम करत होती ते सांगायला हवं. बोल्टच्या रायफलीत चाप हा काही नळीला थेट चिकटलेला नसतो. बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो त्या पोलादी गाभ्याच्या पोटाखाली एक चिमुकला आधार स्क्रूने कसलेला असतो. त्याला हँगर म्हणतात, आणि चाप त्या हँगरला दोन पिनांनी लटकतो. जुन्या कारखानी रायफलीत हे सगळं जन्मापासून ठरलेलं असे, देवाने नाक दिलं तिथे दिलं. पण हाताने बनवलेल्या रायफलीत हँगर वेगळा येतो, आणि तो केसभर मागे किंवा पुढे बसवणं माणसाच्या हातात असतं. केसभर म्हणजे केसाहूनही कमी. हँगर मागे गेला तर चापाचा खटका काडतुसावर ठोका मारणाऱ्या पिनच्या स्प्रिंगला वेळेआधी अडवतो, आणि बोल्ट बंद करताना शेवटी हाताला जड लागतं. टेबलावर रायफल ठेवून कागदावर एकाच भोकातून गोळ्या काढणारे जे एमेटसारखे लोक, त्यांची रायफल तेवढ्याने जागची हलते. हँगर पुढे गेला तर खटका नीट पकडतच नाही, आणि पिनचा ठोका मिळमिळीत पडतो. या दोन्हींच्या मधली जागा डोळ्याला दिसत नाही, कुठल्या यंत्रावर पक्की सापडत नाही. सिग्रिड ती बोटाने शोधायची.

सप्टेंबर लागला आणि दुकानात एक खोकं आलं. सिग्रिडने वसंतात स्वतःसाठी मागवलेला गाभा. बारा महिने तेरा काळ दुसऱ्यांच्या रायफली करताना स्वतःची करायची राहूनच गेली होती. वेंडेलने मुकाट्याने त्याला नळी चढवली, दस्ता बसवला, आणि मग चाचरत म्हणाला की एमेटची जातेच आहे आयडाहोला, तिच्याबरोबर हीही पाठवू.

"ही माझी आहे," सिग्रिड म्हणाली. "हिला कुणी हात लावायचा नाही."

तिने मधल्या बोटाने सुरुवात केली. मधलं बोट म्हणजे निव्वळ ठोंब्या. आयुष्यभर शेजारी बसून काम बघितलेलं, पण शिकलेलं काहीच नाही. चाप ओढला तर आधी घसरतोय की सरळ सुटतोय, त्याला पत्ता लागेना. डावा हात घेतला, तोही तसाच. तीन वेळा तिने हँगर घासला, तीन वेळा वाया घालवला, आणि चौथ्यांदा रागाने हात बाकावर आपटला. खुंट बाकाच्या कडेवर आदळला. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

खुंट अजून हुळहुळा होता. चादर घासली तरी झिणझिण्या यायच्या, थंड पाण्याने तर जीवच जायचा. डॉक्टर म्हणाले होते की हे वर्षभर राहील, सवय होईल, तोवर झाकून ठेवा. सिग्रिडने डोळे पुसले. मग तो उघडा खुंट तिने चापावर टेकवला, दात आवळले आणि ओढलं.

चाप सुटायच्या आधी जराशी घसर होती. तिच्या चांगल्या बोटाला ती कधी कळली नसती. खुंटाला ती वाळूच्या कणासारखी टोचली.

मग ती दिवसचे दिवस त्याच कामाला लागली. खुंट लाल व्हायचा, सुजायचा, ती बर्फात धरायची आणि पुन्हा बाकाशी यायची. पट्टी फेकून दिली. चाप असा सुटायला लागला की काचेची काडी मोडावी. पण बोल्टचं काही केल्या पक्कं होईना. बोल्ट बंद करताना ती खुंट पिनच्या मागच्या टोकावर ठेवायची, आणि अगदी शेवटी, बोल्टची दांडी खाली बसता बसता, तिला काहीतरी लागायचं. जडपणा म्हणावा तर इतका बारीक. तो पोलादातला होता की खुंटातलं दुखणंच दांडी खाली आल्यावर ठसठसत होतं, हे तिला सांगता येईना. आणि तेच तर सगळं होतं. दुखणं आणि पोलाद वेगळं ओळखता आलं तर ती चाप बसवणारी. नाही आलं तर गल्ल्यामागची खुर्ची होतीच.

दुसऱ्याचा हात लागणार, हे उघड होतं. तिने वेंडेलला हाक मारली.

वेंडेलने बोल्ट बंद केला, चाप ओढला आणि लगेच म्हणाला, "मस्त आहे, सिग. काही बघायलाच नको."

"शेवटी जड नाही ना लागत?"

"छे. लोणी आहे, लोणी."

तो फार चटकन बोलला. सिग्रिडने त्याला कॉफी आणायला पाठवलं आणि तेवढ्यात हँगर काढून वाया घालवलेल्यांतला सगळ्यात वाईट लावला, असा की बोल्ट बंद करताना मनगट दुखावं. वेंडेल कॉफी घेऊन आला. तिने म्हटलं, जरा सुधारलंय, पुन्हा बघ. वेंडेलने बोल्ट बंद केला. त्याच्या मनगटाची शीर वर आली. तो हसून म्हणाला, "आणखीनच छान झालंय."

सिग्रिडच्या अंगाचा तिळपापड झाला. पण ती त्याला काहीच बोलली नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं, आणि रडणाऱ्या माणसाशी भांडण्यात तिला कधी मजा वाटली नव्हती. तिने चांगला हँगर परत बसवला आणि रायफल कपाटात ठेवली.

त्याच आठवड्यात चर्चच्या तळघरात जेवण होतं, आणि बायकांना आपापली भांडी आठवली. मार्लिस हॅस्केट स्वतः आली. तिचं निळं भांडं आईकडून आलेलं, त्यामुळे जीव त्यात. सिग्रिडने सगळी भांडी धुऊन-पुसून दुकानाच्या भिंतीवर, जिथे रायफली असायच्या तिथे, फळीवर ओळीने मांडून ठेवली होती. मार्लिस हात पुढे करून फळीकडे गेली, तर सिग्रिड आडवी आली.

"रायफल आणा, भांडं न्या," ती म्हणाली. "तुला एकटीलाच नाही. सगळ्यांना हाच भाव."

"अगं, माझ्या आईचं भांडं आहे ते."

"आणि ते माझं काम होतं."

मार्लिस खोऱ्यातली सर्वांत शांत बाई. ती चिडली नाही. तिने वेंडेलची नवी खुर्ची ओढली आणि बसली. सिग्रिडला वाटलं, आता हळहळ सुरू होणार. पण मार्लिस भलतंच बोलली.

"एमेटने ती रायफल अजून पाठवलेली नाही," ती म्हणाली. "रोज उद्या म्हणतो. तुला वाटतं त्याला तुझ्या कामाचा धाक आहे. तसं नाही. काम वाईट निघालं तर तुझ्या तोंडावर सांगावं लागेल ना, त्याचा धाक आहे. या वयात तेवढं काळीज नाही त्याच्यात. कुणातच नाही. म्हणून सगळे रायफली घेऊन पळाले."

खरं सांगावं लागू नये म्हणून लोक पळाले होते, आणि सिग्रिडला तर हवं होतं तेवढंच, खरं सांगणारं एक तोंड. मग तिने विचारलं, "गोधडीचा दिवस या शनिवारी का पुढच्या?"

"या शनिवारी," मार्लिस म्हणाली. तिने क्षणभर सिग्रिडच्या खुंटाकडे पाहिलं आणि ती उठली. भांडं न घेताच गेली. तळघरातल्या जेवणाला तिने पत्र्याचं ताट नेलं म्हणतात, आणि कुणी विचारलं तर भांडं ओलीस आहे असं सरळ सांगितलं. खोरं दोन दिवस तेवढ्यावर हसलं.

गोधडीचा दिवस म्हणजे एल्कच्या, त्या थोराड हरणांच्या, शिकारीच्या हंगामाआधीचं क्लबचं जेवण. चांदमारीच्या मैदानावर, शेगड्या पेटलेल्या, डोंगरावरचे लार्च वृक्ष पिवळे पडायला लागलेले. एका लांब टेबलावर रायफली ठेवतात, तोंडं मातीच्या बांधाकडे. दोघं जण प्रत्येक बोल्ट उघडून रिकामा असल्याचं बघतात. मग एमेटच्या आजीने शिवलेली जुनी गोधडी वर पांघरतात. माणसाने गोधडीखाली हात घालायचा, बोल्ट बंद करायचा, चाप ओढायचा आणि काम कुणाचं ते सांगायचं. कुठलीही रायफल कुणाची ते माहीत नसतं, म्हणून जे लागेल ते खरं बोलायचं. सख्ख्या भावाचा चाप असला तरी कण्हत असेल तर कण्हतोय म्हणायचं. हा नियम एमेटनेच केलेला. गोधडीखाली खोटं बोललेला माणूस एक हंगाम टेबलापासून लांब बसतो.

वेंडेलने सिग्रिडची रायफल पहाटेच आणून ठेवली होती, बाकीच्यांच्या मधोमध. त्याला तिने सांगितलं होतं की तोंडातून ब्र काढलास तर कुत्र्याची उशी परत आणून तुला त्यावर बसवीन.

पाच-सहा जणांनी हात घालून पाहिले. कुणी बरोबर, कुणी चूक, हशा, टोमणे. मग एमेट उठला. एमेटचा हात गोधडीखाली गेला की मैदान गप्प होतं, ही जुनी सवय. पहिली त्याने लगेच ओळखली. "हा आयडाहोवाला. हात चांगला आहे, घसर नाही." दुसरी. "कारखान्याचं. मालकाने जरा तेल घालावं."

तिसरीवर त्याचा हात थांबला. बोल्ट बंद केला. चाप ओढला. गोधडीखालून बारीक टक् आला. एमेटने पुन्हा बोल्ट उघडला, बंद केला, पुन्हा ओढला. मग हात बाहेर काढून त्याने टोपी काढली.

"हे सिग्रिडचं," तो म्हणाला. "जुन्या सिग्रिडचं. कुणी आणलं मला माहीत नाही, पण आणलं ते बरं झालं. मंडळी, या चापाला सुरुवात नाही आणि शेवट नाही. नुसता सुटतो. असा हात आपल्याकडे होता. तो आता नाही. आपल्या पोरांनी निदान एकदा हात घालून बघून ठेवावं, की आपल्याकडे काय होतं."

कुणीतरी नाक शिंकरलं. दोन-चार जणांनी टोप्या काढल्या. शेगडीवरचं मांस करपत होतं, त्याकडेही कुणाचं लक्ष नव्हतं. सिग्रिड टेबलाच्या त्या टोकाला उभी राहून आपल्याबद्दलचं हे सगळं ऐकत होती. तिने त्याला पुरतं बोलू दिलं. मधेच थांबवावं असा एकदा तिच्या मनात विचार आला, पण तिने जीभ आवरली.

"झालं?" ती म्हणाली. "माझं मयत आटोपलं असेल तर गोधडी काढा."

वेंडेलने गोधडी ओढली. रायफलीचं पोलाद अजून पांढरं होतं, काळं करायचंही राहिलेलं. दस्त्याला तेलाचा वास होता. वेंडेल एरवी चारचौघांत बोलत नाही, पण तेव्हा त्याचा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत गेला. त्याने सांगितलं की हा गाभा सप्टेंबरात आला, खोकं आपण उघडलं, नळी आपण चढवली, आणि चाप बसवला तो हिने, या महिन्यात, आपल्या डोळ्यांदेखत.

कुजबुज झाली. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि बाकीचे वाजवायला लागले. सिग्रिडने हात वर केला, खुंटाचा. टाळ्या थांबल्या.

"टाळ्या नकोत मला," ती म्हणाली. "एमेट, बोल्ट बंद करताना काय लागलं ते सांगा."

एमेट टोपी हातात फिरवत राहिला.

"चापाबद्दल बोललात. बोल्टबद्दल काहीच बोलला नाहीत. काही लागलं का शेवटी?"

"सिग्रिड, एवढं सुंदर काम..."

"लागलं का?"

मार्लिस पुढे झाली आणि नवऱ्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"लागलं," एमेट म्हणाला. "अगदी शेवटी. किंचित जड आहे."

"पहिल्याच खेपेला लागलं?"

"पहिल्याच."

"मग गोधडीचा नियम तुम्हीच केलेला ना? बोलला का नाहीत?"

म्हाताऱ्याचा चेहरा एवढासा झाला. "गेलेल्या माणसाच्या कामात खोट काढवेना, पोरी," तो म्हणाला.

सिग्रिडला त्याचं हे वाक्य पुरतं ऐकूही आलं नाही. तिच्या कानात एकच घुमत होतं, किंचित जड आहे. म्हणजे ते पोलादात होतं. तिचं दुखणं नव्हतं. खुंटाने तिला इतके दिवस जे सांगितलं ते अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि खोऱ्यातल्या सगळ्यात तिखट हाताने आत्ता, सगळ्यांसमक्ष, नाइलाजाने त्यावर शिक्का मारला होता. तिला इतका आनंद झाला की तिला राग आला. महिनाभर ही माणसं भांडी घेऊन येत होती. एवढं एक वाक्य कुणी आणलं असतं तर.

तिने रायफल उचलली आणि आपल्या पिकपकडे निघाली. मागचा फळका पाडून तिने त्यावर चिंधी अंथरली, दस्त्याचे स्क्रू काढले, गाभा उलटा केला, दोन्ही पिना ठोकून चाप सोडवला. शर्टाच्या खिशात पत्र्याच्या डबीत एक हँगर होता, या हँगरपेक्षा केसभर पुढे धरणारा. तो तिने आधीच घासून ठेवला होता, पण लावायची हिंमत होत नव्हती, कारण बरोबर असलेलं काम दुखण्याच्या भरात बिघडवण्यासारखा मूर्खपणा नाही. आता तिने तो लावला. हळूहळू सगळं मैदान तिच्या पिकपभोवती गोळा झालं. मांस करपलंच. स्क्रू कसताना खुंट सोललेला होता तिथून रक्त आलं, तर गर्दीतली एक बाई रुमाल घेऊन पुढे सरकली. सिग्रिडने तिच्याकडे अशी नजर टाकली की बाई रुमालासकट मागे गेली.

रायफल जोडून झाल्यावर ती तिने एमेटपुढे धरली. आता गोधडी नव्हती.

एमेटने टोपी डोक्यावर घातली. बोल्ट रिकामा असल्याचं बघितलं, नळी बांधाकडे केली, दांडी खाली आणली. पुन्हा उघडून पुन्हा आणली. मग चाप ओढला.

"बरं आहे," तो म्हणाला.

"बरं?"

"जड नाही आता. चांगलं आहे." तो जरा घुटमळला. मग त्याच्या अंगात जुना एमेट परत आला, आणि तो कपाळाला आठी घालून म्हणाला, "दस्त्याचा मागचा स्क्रू मात्र जास्त आवळलायस. एरवी तू असा आवळत नाहीस."

"हात हुळहुळतोय, अंदाज चुकला. सैल करते," सिग्रिड म्हणाली, आणि तिथेच केला.

एमेट आपल्या पिकपकडे गेला. रायफल पुढच्या बाकावरच होती, कापडात गुंडाळलेली. सोमवारी तो स्वतः आयडाहोला घेऊन निघणार होता. तो ती दोन्ही हातांवर घेऊन परत आला आणि तिच्यापुढे उभा राहिला.

"एल्कच्या आधी पाहिजे," तो म्हणाला. "आणि वाईट झालं तर वाईट म्हणून सांगेन."

"सांगाच," सिग्रिड म्हणाली. तिने रायफल घेतली, कापड सोडून गाभ्याच्या पोटाखालची रिकामी जागा बघितली, आणि मार्लिसकडे वळली.

"मार्लिस, निळं भांडं सोमवारी घेऊन जा. बाकीच्यांनीही या. पण हात हलवत कुणी यायचं नाही."